जर्मनीत वर्षभर स्वयंसेवक म्हणून जाताना: एजंट, करार आणि परक्या घरातलं राहणं

अहमदपूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलं आहे. बी.ए. झालंय, जर्मन भाषेची ए-२, म्हणजे दुसऱ्या पायरीची, परीक्षा पास झाली आहे, आणि दक्षिण जर्मनीतल्या दिव्यांग व्यक्तींच्या एका संस्थेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून निवड झाली आहे. राहायची सोय तिथल्या एका कुटुंबात आहे. वडिलांची कोरडवाहू शेती. एक एजंट ‘पुढच्या प्रोसेस’चे तीन लाख मागतोय. आई म्हणते, परक्याच्या घरात पोरीनं वर्षभर राहायचं म्हणजे काय! मुलगी शाकाहारी आहे, वसतिगृह सोडलं तर घराबाहेर कुठं राहिलेली नाही. तयारी काय करू आणि त्या घरात कसं वागू, असा तिचा प्रश्न.

मी मराठवाड्यातल्या मुलामुलींची अशा वर्षासाठी तयारी करून घेते. जाण्याआधी तर बोलतेच, पण गेल्यावरही त्यांच्याशी आणि शक्य असेल तिथं त्या घरांशीही बोलत राहते. त्यामुळं थोडं लांबेल, पण सविस्तरच सांगते.

आधी पैशाचं, कारण ते या आठवड्यात थांबवता येईल. तीन लाख देऊ नकोस. तुझी निवड ज्या योजनेतून झाली असावी ती बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट, म्हणजे बीएफडी, जर्मन केंद्र सरकारची स्वयंसेवकांची योजना. जर्मनीत २०११ साली सक्तीची लष्करी भरती स्थगित झाली. लष्कराऐवजी दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत सेवा करणारी तरुण मुलं त्यामुळं येईनाशी झाली आणि ती जागा भरायला सरकारनं ही योजना आणली. तिच्या करारावर तुझी सही असते, जिथं काम करायचं त्या संस्थेची असते आणि कोलोनच्या सरकारी कार्यालयाचीही असते. तो करार हातात आला असेल तर जागा तुझी झाली, मध्ये कुणी विकायची उरत नाही. तुझ्या कागदावर बीएफडीऐवजी एफएसजे (स्वयंसेवी सामाजिक वर्ष) लिहिलेलं असेल तर ती याहून जुनी योजना, तिचा कायदा १९६४ चा आहे. तिथं सरकारी कार्यालयाऐवजी मान्यताप्राप्त संस्थेची सही येते, बाकी घडी बरीचशी सारखीच.

एजंट जे विकतो ते फॉर्म भरणं, व्हिसाची तारीख घेणं आणि कागदांची फाईल लावणं. आपल्या भागाचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडून होतो आणि त्याच्या संकेतस्थळावर कागदांची यादी दिलेली असते. जी मुलगी ए-२ पास होते तिला ती यादी वाचता येते. खरा खर्च पासपोर्टचा (साधा १५०० रुपये), व्हिसा फीचा (दीर्घ मुदतीच्या व्हिसाला साधारणपणे ७५ युरो), मुंबईला एक-दोन चकरांचा आणि विमानाच्या तिकिटाचा. काही संस्था यजमान कुटुंब शोधण्याचे किंवा भाषावर्गाचे थोडे पैसे घेतात. घेत असतील तर ते संस्थेच्या नावानं, पावतीवर आणि करारात लिहिलेले असले पाहिजेत. एजंटच्या फोन-पे वर नव्हे.

आणखी एक गोंधळ गावोगाव ऐकते. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याची बातमी झाली आणि ‘जर्मनी’ हा शब्द आला की एजंट तोच करार पुढं करतात. तो नोकरीसाठी आहे, तुझं जाणं वेगळं आहे. तू नोकरीला चाललेली नाहीस. तुला पगार नाही, हातखर्च मिळणार आहे. त्याला कायद्यानं वरची मर्यादा असते, २०२५ साली ती महिना ६४४ युरो होती, आणि राहणं-जेवण दिलं असेल तर बऱ्याच ठिकाणी हातात त्याहून कमी येतात. आरोग्य विम्यासह सामाजिक विम्याचे हप्ते मात्र संस्था भरते, ही मोठी गोष्ट आहे. वडिलांना हे आकड्यानिशी समजावून सांग. आडत्याकडून उचल घेऊन किंवा आईचं डोरलं गहाण टाकून पाठवावं आणि पोरीनं युरोत फेडावं, असा हिशोब घरात कुणाच्या मनात असेल तर तो आत्ताच मोडून टाक. मनात तो बोजा घेऊन गेलेली लेकरं मी पाहिली आहेत. सुट्टीच्या दिवशी चार युरोची कॉफी प्यायची तरी त्यांना अपराधी वाटतं, घरातल्यांबरोबर बाहेर जायचं टाळतात, आणि यजमानांना वाटतं पोराला आपला सहवास नको आहे.

आता घराकडं येऊ. कुटुंबाचं नाव आणि पत्ता करारात असेल किंवा वेगळ्या पत्रात असेल. पहिली गोष्ट पक्की समजून घे: ते कुटुंब तुझं मालक नाही. ओ-पेअर नावाचा वेगळा प्रकार असतो. त्यात मुलगी कुटुंबातच राहते, त्यांची मुलं सांभाळते, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम आणि महिन्याला २८० युरो हातखर्च असतो. तुझं तसं नाही. तुझं काम संस्थेत. घरात तू घरातल्या मोठ्या मुलीसारखी राहायचंस. आपलं ताट उचलायचं, ठरलेल्या दिवशी भांड्यांचं मशीन रिकामं करायचं, आपली खोली झाडायची. त्यांच्या मुलांना रोज संध्याकाळी सांभाळणं हे तुझं कर्तव्य नाही. प्रेमानं कधीतरी बसलीस तर चांगलंच, पण ते गृहीत धरलं जायला लागलं तर बोलायचं.

आणि ‘बोलायचं’ यापाशीच आपल्या मुलामुलींचं सगळं अडतं. मला विचारशील तर भाषा, थंडी, जेवण या तिन्हीपेक्षा मराठवाड्यातल्या लेकरांना संकोच जास्त नडतो. आपण तो घरूनच शिकतो. पाहुणा म्हणून गेलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, मग यजमानीण ताटात भाकर टाकतेच. आजारी असलं तरी ‘काही नाही, बरं आहे’. समजलं नाही तरी मान हलवायची. आपल्याकडं हे चालतं, कारण समोरच्यालाही हा खेळ ठाऊक असतो. तो आपल्या चेहऱ्यावरून ओळखतो. तिथं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि असा विश्वास ठेवणं हाच त्यांच्या लेखी आदर असतो.

कंधारकडच्या एका मुलाचं सांगते. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लाकडी फळी, त्यावर राय नावाच्या धान्याचा काळसर पाव, लोणी, दोन प्रकारचं चीज, काकडीच्या चकत्या, मुळा. जर्मन घरांत रात्रीचं जेवण पुष्कळदा असं थंडच असतं, गरम जेवण दुपारी. यानं पावाचा एक तुकडा खाल्ला. बाईंनी विचारलं, अजून घेणार? हा नको म्हणाला. त्यांनी लोण्यावर झाकण ठेवलं, पाव डब्यात घातला, टेबल पुसलं. तो रात्री खोलीत आईनं दिलेला चिवडा खात बसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चिवड्याची, बिस्किटांची रिकामी पाकिटं तो इमानदारीनं पिवळ्या कचरापेटीत टाकत होता आणि ती त्या बाईंना दिसली. त्यांचा समज झाला की याला माझ्या हातचं आवडत नाही. त्यांनी जेवणाबद्दल विचारणं कमी केलं. दोघंही एकमेकांना दुखवू नये म्हणून गप्प होते. संस्थेच्या संपर्क व्यक्तीनं दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘मला संध्याकाळी भूक लागते, मला चार तुकडे लागतात आणि काहीतरी गरम असलं तर बरं वाटतं.’ त्या दिवसापासून त्याच्यासाठी सूप व्हायला लागलं. पुढं तर रविवारी तो भात-वरण करायचा आणि घरचे वाट बघायचे.

म्हणून जाण्याआधी हे घरी सराव करून बघ. आई वाढायला आली की पोट भरलं असेल तरच नको म्हण, नसेल तर पहिल्याच वेळी ‘हो, अजून दे’ म्हण. ऐकायला पोरकट वाटेल, पण ही सवय तोंडाला लागावी लागते, आणि परक्या भाषेत तर आधीच लागलेली असावी लागते. जर्मनमध्ये तुला चार वाक्यं बिनचूक यायला हवीत: मला समजलं नाही, कृपया हळू बोला. मला भूक लागली आहे. मला बरं वाटत नाही. मला हे नको, पण विचारल्याबद्दल धन्यवाद. ए-२ ला शिकलेलं बाकीचं विसरलीस तरी चालेल.

पोचल्यावर पहिला दिवस झोपेत जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यजमानांना म्हण की घरातल्या पद्धतींबद्दल अर्धा तास बसून बोलू या, मी लिहून घेते. ते खूश होतील. काय काय विचारायचं? किल्ली, कपडे धुण्याचं मशीन कुठल्या दिवशी, आंघोळीची वेळ, फ्रिजमधला कुठला कप्पा तुझा, मैत्रिणी घरी आल्या तर चालेल का, रात्री उशीर होणार असेल तर कुणाला कळवायचं, स्वयंपाकघर तू कधी वापरावंस. ‘आम्हाला नावानं हाक मार’ असं ते म्हणाले तर नावानंच हाक मार. आई-वडिलांच्या वयाच्या माणसांना नावानं हाक मारताना जीभ अडखळते, तिची सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

घरातल्या वस्तूंपैकी खिडकीबद्दल मी आवर्जून सांगते. जर्मन खिडकीची मूठ खाली असली की बंद, आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते, वर केली की नुसती वरून कलते. अर्धवट फिरवून ओढली तर अख्खी खिडकी एका बिजागरीवर लटकल्यासारखी होते आणि मुलं घाबरतात. घाबरू नकोस, परत लावून मूठ नीट फिरवायची. महत्त्वाचं पुढं आहे. हिवाळ्यात हीटर चालू असताना खिडकी कलती ठेवायची नाही. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची आणि परत लावायची. आपल्याला हे उलटं वाटतं, कारण आपल्याकडं ऊन आणि धूळ आत येऊ नये म्हणून खिडकी लावतात, हवेसाठी ती किलकिली ठेवतात. तिथं आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि आपली मुलं खोलीतच ओले कपडे वाळत घालतात, म्हणजे बुरशीला आणखी बळ. घर भाड्याचं असेल तर ती भिंत नीट करण्याचा खर्च यजमानांवर येऊ शकतो. या एका गोष्टीवरून चांगल्या घरांत कुरबुरी झालेल्या मी ऐकल्या आहेत.

न्हाणीघर कोरडं असतं. शॉवरच्या जागेबाहेर पाणी जायला बऱ्याचदा वाटच नसते, म्हणून बाहेर पाणी सांडलं तर पुसायचं. शौचाला पाणी लागतं तर छोटी बाटली ठेव, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त फरशी कोरडी ठेव. गरम पाणी जपून वापरतात. रोज वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहिलेलं कुणालाच आवडत नाही. तू तर लातूर जिल्ह्यातली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा तू लहान असशील, पण घरात घागरी मोजून ठेवलेल्या तुला आठवत असतील. ते त्यांना सांग. जर्मन माणसाला पाण्याची रेल्वे म्हणजे काय ते कळत नाही, आणि ऐकलं की तो चकित होऊन विचारत राहतो. ‘भारत कसा आहे’ या प्रश्नाला ताजमहाल सांगण्यापेक्षा हे सांगणं कितीतरी चांगलं. ते तुझं स्वतःचं आहे.

टपालपेटीवर तुझं नाव लावून घे. पहिल्याच आठवड्यात. आपल्याकडं पोस्टमन ‘अमक्याची पोरगी’ म्हणून पत्र आणून देतो, तिथं पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि तिथं सगळं महत्त्वाचं पत्रानंच येतं: विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, कर क्रमांक. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते, त्यासाठी यजमानांनी भरून दिलेला एक कागद लागतो. तो जाण्याआधीच मागून ठेव. पुढं व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून राहण्याचा परवाना घ्यायचा, त्याची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून लवकर अर्ज कर.

कचऱ्याचं लवकर कळेल: वेष्टनं पिवळ्यात, कागद निळ्यात, भाजीची सालं बहुतेक ठिकाणी तपकिरी पेटीत, उरलेलं काळ्यात किंवा करड्यात. गावागणिक थोडा फरक असतो. प्लास्टिकच्या बाटलीवर बहुतेक वेळा २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात टाकून परत घ्यायची. रविवारी दुकानं बंद, आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. ती नियम म्हणूनच पाळतात.

या शांततेत आपला फोन येतो. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढं असतो, हिवाळ्यात साडेचार. आई पहाटे सहाला उठून फोन करणार आणि तिकडं रात्रीचे अडीच किंवा दीड वाजलेले असणार. त्यातून व्हिडिओ कॉलवर काकू, आत्या, शेजारच्या मावशी सगळ्याच मोठ्यानं बोलणार. जुन्या घरांच्या लाकडी भिंतीतून ते सगळं ऐकू जातं. रविवारी आपल्या रात्रीच्या आठची वेळ ठरवून टाक. तेव्हा तिथं दुपार असते. मधल्या दिवसांत छोटे निरोप. आणि रोज दोन तास घरी बोलू नकोस. आईला वाईट वाटेल, पण जी मुलं रोज संध्याकाळी खोलीत जाऊन गावाशी बोलतात त्यांची भाषा पुढं सरकत नाही. यजमानांच्या मुलांशी पत्ते खेळण्यात, बाईंच्या बरोबर बटाटे सोलण्यात जी जर्मन येते ती कुठल्या वर्गात येत नाही.

जेवण. शाकाहारी आहे एवढं सांगून भागत नाही. अंडं चालतं का, मासे नाहीत ना (पुष्कळांना वाटतं मासे चालतात), मांसाच्या पाण्यातलं सूप चालत नाही, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं) घातलेल्या चघळायच्या गोळ्या चालत नाहीत, बऱ्याच चीजमध्ये दूध फाडायला जनावराच्या पोटातून काढलेलं रेनेट असतं ते तुला चालतं का, हे सगळं आधी ठरव आणि लिहून पाठव. फ्रिजमध्ये शेजारच्या कप्प्यात डुकराचं मांस असेल. ते चालत नसेल तर घर ठरण्याआधी सांगायला हवं, तिथं जाऊन नाक मुरडणं त्या घरावर अन्याय आहे. माझ्याकडच्या मुस्लिम मुलामुलींनाही मी हेच सांगते: हलाल, रोजे, नमाजाची जागा, सगळं पहिल्या पत्रात लिही. लिहिलं तेव्हा बहुतेक घरांनी समजून घेतलं. न लिहिता गेल्यावर मात्र दोन्ही बाजूंना अवघड झालं.

सामानात आई काय भरेल ते मला दिसतंय, म्हणून सांगते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची पोळी, बर्फी घरीच ठेव. ताजी फळं, कढीपत्ता, लिंबंही नकोत. आपला केसर आंबा कितीही न्यावासा वाटला तरी नाही. काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, डाळी चालतात, नीट बंद करून ने. दुबईमार्गे विमान असेल तर खसखस अजिबात नको, तिथं ती बंदी असलेल्या वस्तूंत आहे आणि तिच्यापायी लोक अडकतात. मसाल्यात घातली असेल तर ती न घालता वेगळा करून घे. भेट म्हणून संभाजीनगरची हिमरू शाल ने, हलकी असते आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. महागडं काही नको, त्यांना अवघडल्यासारखं होतं. थंडीचे जड कपडे इथून घेऊ नकोस. इथल्या स्वेटरवर तिथला जानेवारी निघत नाही, आणि तिथं वापरलेले चांगले कोट स्वस्तात मिळतात. बऱ्याच यजमानांकडं मुलांचे जुने कोट असतातही.

कामाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण दिवसाचे आठ तास तिथंच जाणार आहेत. स्वयंसेवकानं पगारी माणसाची जागा घ्यायची नाही, हे त्या योजनेच्या कायद्यातच आहे. तू मदतनीस: जेवताना सोबत, फिरायला नेणं, कार्यशाळेत हात देणं, कुणाचे बूट बांधणं. औषध देणं, इंजेक्शन देणं तुझं काम नाही, सांगितलं तरी नम्रपणे नकार दे. वर्षाच्या कराराला २५ दिवस प्रशिक्षण-शिबिरांचे असतात, तिथं तुझ्यासारखे दुसऱ्या देशांतून आलेले भेटतात. ती शिबिरं चुकवू नकोस. ज्यांच्याबरोबर काम करशील ती माणसं मोठी आहेत. त्यांच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय जायचं नाही, त्यांना लहान मुलांशी बोलावं तसं बोलायचं नाही, आणि त्यांचा फोटो परवानगीशिवाय काढायचा नाही, गावातल्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही. ‘सेवा करतेय’ असं दाखवणारा फोटो गावाकडं फार आवडतो, म्हणून जोर देऊन सांगते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागात बाहेरून पुष्कळ स्वयंसेवक आले होते. त्या गावांतल्या जुन्या माणसांशी बोलून बघ. माझ्याशी जे बोलले त्यांच्या तोंडी नावं येतात ती मुक्कामाला राहिलेल्यांची, ज्यांनी घरातल्या म्हातारीचं नाव लक्षात ठेवलं त्यांची. जाण्याआधी अशा एखाद्या घरी अर्धा दिवस घालव. पाहुणा स्वयंसेवक घरात राहतो तेव्हा घराला काय वाटतं, हे तुला जर्मनांकडून कळायच्या आधी आपल्याच माणसांकडून कळेल.

ऑक्टोबरनंतर मन खाली जाईल. जवळजवळ सगळ्यांचं जातं. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो, आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, आणि दिवाळीला तिथं सुट्टी नसते. दिवाळीची सुट्टी दोन महिने आधी माग. त्या संध्याकाळी घरातल्यांसाठी पुरणपोळी कर. हरभऱ्याची डाळ तुर्की किंवा भारतीय दुकानात मिळते, आणि तुपाऐवजी त्यांचं लोणी कढवून घेता येतं. रोज दुपारच्या सुट्टीत थोडं बाहेर चाल, ढग असले तरी. झोप उडाली, खाणं सुटलं, सारखं रडू येतंय असं दोन आठवडे चाललं तर संस्थेच्या संपर्क व्यक्तीला सांग आणि डॉक्टरकडं जा. विमा त्यासाठीच आहे. रात्री-अपरात्री तातडीचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०.

आता आईच्या काळजीचं. ती रास्त आहे, तिला ‘तू उगं घाबरतेस’ म्हणू नकोस. घरात कोण कोण राहतं, तुझ्या खोलीला आतून कडी आहे का, संस्थेतली जबाबदार व्यक्ती कोण आणि तिचा नंबर काय, हे सगळं कागदावर मागवून आईच्या हातात दे. पासपोर्ट कायम तुझ्याजवळ राहील, तो कुणी ‘सांभाळायला’ मागितला तर द्यायचा नाही. घरातल्या कुणाचं वागणं, बोलणं, हात लावणं खटकलं तर पुरावा गोळा करत बसायचं नाही, त्याच दिवशी संपर्क व्यक्तीला फोन. घर बदलता येतं. बदललं म्हणून व्हिसा जात नाही, करार संस्थेशी आहे. नवा पत्ता तेवढा नोंदवायचा. घर चांगलं आहे पण जमत नाही, असंही होतं, त्यातही कुणाचा दोष नसतो. दक्षिण जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया या दोन्ही राज्यांसाठी भारताचा वाणिज्य दूतावास म्युनिकला आहे, त्याचाही नंबर घरी लिहून ठेव.

या आठवड्यात एजंटला नाही म्हण आणि त्या कुटुंबाला एक पानभर पत्र लिही. जर्मनमधूनच, चुका असल्या तरी असू देत, दुसऱ्याकडून गुळगुळीत करून घेऊ नकोस, नाहीतर ते तुझ्याशी पहिल्या दिवशी भराभर बोलायला लागतील. पत्रात घरात कोण आहे, शेतात काय पिकतं, काय खातेस, काय खात नाहीस, सकाळी किती वाजता उठतेस, कशाची भीती वाटते, काय शिकायचंय, हे लिही. अंधाराची किंवा कुत्र्याची भीती असेल तर तेही लिही, त्यांच्याकडं कुत्रा असायची शक्यता बरीच आहे. उत्तर आलं की दोन्ही घरांचा एक व्हिडिओ कॉल ठरव. आईला त्या बाईंचं स्वयंपाकघर बघू दे, विचारायचं ते विचारू दे. तू मध्ये बसून दुभाषाचं काम कर, आणि आईचा प्रश्न अवघड वाटला तरी गाळू नकोस. तिकीट त्यानंतर काढ.